खिडकीपाशी उतरणारं ऊन

"एक क्रियापद! एक फुटकळ क्रियापद! दुपारच्या चहाच्या आत निकालात काढतो की नाही बघा!" असं शब्दोबांनी सकाळी उठल्या उठल्या घरात जाहीर केलं.

शब्दोबा म्हणजे इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीतले सहायक कोशकार. खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण बायको सोडली तर सगळे त्यांना शब्दोबाच म्हणत. आज त्यांच्या वाट्याला आलं होतं 'वेव्ह'. हात हलवण्याचं नव्हे, ते दुसरं. हे हक्काचं! आपला हक्क आपण होऊन सोडून देणे. अर्थ कसा एका ओळीत बसला. घोडं अडलं होतं उदाहरणापाशी.

कारण संपादकसाहेबांचा नियम! कोशात कल्पनेतलं वाक्य चालायचं नाही. घटना खरी घडलेली हवी, आणि उदाहरणाच्या चिठ्ठीखाली दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. 'उडी मारणे'साठी हिशेबनीसांना एकदा खरोखर टेबलावरून उडी मारावी लागली होती. बिचारे आठवडाभर लंगडत होते. पण त्यांनी लगे हात 'लंगडणे'ही पुरवलं!

तर शब्दोबांनी घरापासूनच श्रीगणेशा केला. सासरे पेपर वाचत बसले होते. त्यांच्यापुढे उभं राहून शब्दोबा गंभीरपणे म्हणाले, "मामा, पेपर आधी वाचण्याचा माझा हक्क मी आजपासून सोडला!"

"बरं," सासरे पान न उलटता म्हणाले.

मग मोर्चा स्वयंपाकघराकडे. "अगं, ऐकतेस का? रविवारी उशिरापर्यंत लोळण्याचा हक्क मी..."

बायकोने नुसतं वळून पाहिलं.

"सोडला! सोडला!" शब्दोबांनी घाईघाईने वाक्य पुरं केलं, दोन्ही चिठ्ठ्यांवर घरच्यांच्या सह्या घेतल्या आणि शीळ घालत कचेरी गाठली.

साहेबांनी पहिली चिठ्ठी वाचली. "पेपर रोज आधी कोण वाचतं?"

"सासरे."

"मग तुम्ही काय सोडलंत? नसलेला हक्क सोडता येत नाही, शब्दोबा!" त्यांनी दुसरी वाचली. "हा तरी आपण होऊन सोडलात?"

शब्दोबांना बायकोची नजर आठवली.

"धाकाने सोडलेला चालत नाही. हक्क खरा हवा, आपला हवा आणि राजीखुशीने सोडलेला हवा. चारच्या आत चिठ्ठी द्या, पान छपाईला जायचंय."

शब्दोबा मान खाली घालून आपल्या खुर्चीत येऊन बसले. ती खुर्ची खिडकीजवळची. बावीस वर्षं त्यांची! खाली उतरती गल्ली, समोर शिंप्याचं दुकान, वरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. दुपारी तीनला ऊन खिडकीतून हलकेच आत यायचं, शाईच्या बाटलीवरून, कागदांवरून सरकत त्यांच्या मनगटावर येऊन थांबायचं. शिंप्याच्या मशीनची घरघर लांब कुठेतरी गेल्यासारखी वाटायची. चादरी फुगायच्या, खोली तरंगायची आणि शब्द आपले आपण येऊन हाताशी बसायचे. शब्दोबा याला चिंतन म्हणत. या एका तासासाठी ते उरलेले तेवीस तास आनंदाने काढत. ही खुर्ची त्यांना जिवापाड प्रिय होती.

आणि नेमकं तिथेच त्यांचं डोकं चाललं! खुर्ची खरी, आपली आणि देणार राजीखुशीने! समोर कपाटाच्या सावलीत मुद्रितशोधक बाई अकरा वर्षं बसत होत्या. भिडस्त बाई, 'छे छे, असं कसं!' म्हणतील. वाक्याचं वाक्य होईल, खुर्चीची खुर्ची राहील!

शब्दोबा उठले, छातीवर हात ठेवून म्हणाले, "बाई, या खुर्चीवरचा माझा हक्क मी आपण होऊन तुमच्यासाठी सोडतो आहे!"

"आभारी आहे," बाई म्हणाल्या. आणि उठल्याच! पर्स खांद्याला, चष्मा हातात, पाण्याची बाटली बगलेत. शब्दोबांच्या तोंडून दुसरा शब्द फुटायच्या आत त्या खिडकीशी बसल्यासुद्धा!

"नाही, म्हणजे, विचार करा हवं तर..."

"अकरा वर्षं केलाय."

हिशेबनीस आणि टंकलेखक आपापली पेनं उघडून हजर. सह्या झाल्या. साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांचे डोळे पाणावले. "शब्दोबा! असं उदाहरण माझ्या उभ्या हयातीत पाहिलं नाही!"

झालं! आता खुर्ची परत मागावी तर कोश खोटा पडणार. शब्दोबा मुकाट्याने कपाटाशी जाऊन बसले. पाठीला कपाटाची कडी टोचत होती. नाकात जुन्या कागदांची धूळ. गळ्याशी हुंदका आला, तो त्यांनी शिंक म्हणून काढला.

तीन वाजले. ऊन आलं, शाईच्या बाटलीवरून सरकलं आणि बाईंच्या मनगटावर थांबलं. चादरी फुगल्या. बाईंची मान हळूहळू कलली, तोंड उघडं पडलं आणि बारीक घोरणं सुरू झालं.

कपाटापासून सगळं स्वच्छ दिसत होतं. ऐकूही येत होतं.

शब्दोबा शेजारच्या हिशेबनीसांच्या कानाशी लागले. "अहो, इथून... रोज असंच दिसायचं?"

"रोज. फक्त तुमचं घोरणं जरा भारदस्त."

"बावीस वर्षं? मग एकाने तरी तक्रार करायची!"

"करायचा हक्क होता हो," हिशेबनीस मायेने म्हणाले. "पण तुमचा चेहरा इतका सुखी दिसायचा की आम्ही सगळ्यांनी तो सोडून दिला."

दारात साहेब उभे होते. "काय म्हणालात? खरा, आपला, राजीखुशीने सोडलेला! तोही बावीस वर्षं! शब्दोबा, तुमचं वाक्य रद्द. त्याच्या जागी हिशेबनीसांचं हे घ्या!"

शब्दोबांच्या जिवात जीव आला. त्यांनी टुणकन उठून स्वतःचं वाक्य कराकरा खोडलं आणि ओरडले, "रद्द झालं ना साहेब? मग माझी खुर्ची..."

"वाक्य रद्द झालंय," साहेब कुजबुजले, "खुर्ची नाही. आणि जरा हळू बोला, बाईंचा डोळा लागलाय."