हार्ड डिस्कची खातेनिहाय चौकशी

मुकुंद हर्डीकर यांच्या घरात कोणतीही वस्तू एकटी राहत नसे. बँकेच्या तपासणी खात्यात उभी हयात गेलेली. तिजोरी दोन अधिकाऱ्यांनी दोन किल्ल्यांनीच उघडायची असते, हा नियम त्यांनी सुरतेतल्या पर्वत पाटियाजवळच्या आपल्या ब्लॉकलाही जसाच्या तसा लागू केला होता. गजराची घड्याळं दोन, छत्र्या दोन, दाराला कुलुपं दोन. एका कुलुपाची किल्ली त्यांच्याकडे आणि दुसऱ्याची पत्नी सुधाताईंकडे असल्यामुळे एकाला यायला उशीर झाला की दुसरा जिन्यात बसून राही. पण घरात चोरी कधी झाली नाही, हे मान्य करायलाच हवं.

सबब, १९९८ साली मुलाने, म्हणजे आशिषने, कॉम्प्युटर मागितला तेव्हा मंजुरी एका अटीवर मिळाली. त्यात हार्ड डिस्क दोन हव्यात, आणि एकीवर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवरही उतरलं पाहिजे. रिंग रोडच्या दुकानदाराने तशी सोय करणारं कार्ड मुंबईहून मागवलं. "साहेब, एक जाय तो बीजी ऊभी छे," तो म्हणाला. एक गेली तरी दुसरी उभी! इतकं सुंदर वाक्य मुकुंदरावांनी अख्ख्या नोकरीत ऐकलं नव्हतं.

आशिष लवकरच विद्यानगरच्या हॉस्टेलवर गेला आणि कॉम्प्युटर सुधाताईंच्या वाट्याला आला. त्या मराठी शाळेत शिकवत आणि पीएच.डी. करत. विषय होता सुरतेतल्या खानदेशी घरांत बोलली जाणारी अहिराणी. त्यासाठी कित्येक वर्षं त्या शाळा सुटली की भेस्तानची बस पकडत आणि तिथल्या खानदेशी कलाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसत. कलाबाई त्यांना शब्द देत, शब्दांमागच्या गोष्टी देत, वर कळण्याची भाकरीही देत. सुधाताई ते सगळं चिठ्ठ्यांवर टिपून घेत. मग कलाबाई वारल्या. आता ते शब्द होते ते फक्त त्या चिठ्ठ्यांवर, आणि चिठ्ठ्यांवरून हळूहळू कॉम्प्युटरमध्ये जात होते. टाइप झालेल्या चिठ्ठ्या मुकुंदराव रद्दीत, पस्तीवाल्याला देऊन टाकत.

"अहो, असू द्या की," सुधाताई म्हणत.

"डिस्कवर दोन प्रती आहेत. तिसरी प्रत म्हणजे जागेचा गैरवापर."

टायपिंगला नुकती सुरुवात झाली होती, त्या दिवाळीत एक किरकोळ घटना घडली. साफसफाईच्या ओघात मुकुंदरावांनी कॉम्प्युटरही उघडून आतून फडक्याने पुसला. तेव्हापासून तो सुरू केला की पीं पीं असा आवाज करू लागला. मुकुंदरावांनी तक्रारीची तातडीने दखल घेतली, आवाज कुठून येतो ते शोधलं आणि त्या छोट्या स्पीकरची वायर काढून टाकली. पीं पीं थांबलं. तक्रार निकालात निघाली.

मे महिन्यात आशिष सुट्टीला घरी आला, कॉम्प्युटर लावला आणि ओरडलाच. "मम्मी, ही लाल ओळ कधीपासून येते? एक डिस्क तो क्यारनी बंध छे! सगळं एकाच डिस्कवर चाललंय!"

सुधाताई खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसल्या. पुढच्या आठवड्यात प्रबंध विद्यापीठात द्यायचा होता. "मग तो आधी फ्लॉपीवर काढून दे बाबा."

"दोन मिनिटांचं काम आहे," म्हणत आशिषने फ्लॉपी घेतली. तेवढ्यात मुकुंदराव अंघोळ करून बाहेर आले.

"थांबा. दोनपैकी एक डिस्क कामचुकार निघाली आहे, असं तुमचं म्हणणं. म्हणजे प्रकरण चौकशीचं झालं. आणि चौकशी चालू असताना दप्तरातला एक कागददेखील बाहेर जाता कामा नये. उद्या पुराव्यात ढवळाढवळ झाली असं कोणी म्हटलं तर?"

"कोण म्हणणार आहे, पप्पा?"

"मी."

चौकशी समिती त्याच दुपारी नेमली गेली. सुधाताई तक्रारदार, त्यामुळे त्या अपात्र. आशिषला यातलं कळत होतं, पण कॉम्प्युटर जोडताना तो दुकानात हजर होता, त्यामुळे त्याचे हितसंबंध गुंतलेले. निःपक्षपाती माणूस हवा, म्हणजे ज्याने कॉम्प्युटरला कधी हातच लावलेला नाही असा. सुदैवाने तसे दोघे उपलब्ध होते. एक स्वतः मुकुंदराव, दिवाळीतलं फडकं सोडलं तर, आणि दुसरे समोरच्या ब्लॉकमधले, जकात नाक्यावरून निवृत्त झालेले वाल्मिक अण्णा पाटील. अण्णा धुतलेला सदरा घालून आले. सुधाताईंना मुकाट्याने चहा टाकावा लागला.

कॉम्प्युटर चालू ठेवूनच त्याचा डबा उघडला. दोन्ही डिस्क एकीखाली एक बसल्या होत्या. मुकुंदराव म्हणाले, "बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय कोणावर कारवाई होत नसते." मग दोघांनी आळीपाळीने कान लावले. वरची डिस्क कुरकुर करत होती, मधूनच खडखडत होती आणि हाताला चांगली गरम लागत होती. खालची थंडगार होती. एक शब्द नाही, एक हालचाल नाही.

"अंगात ताप आहे हिच्या," अण्णांनी वरचीवर हात ठेवून निदान केलं. "आणि साहेब, नाक्यावर आमचा एकच नियम राहायचा. जो ड्रायव्हर जास्त बोले, त्याचा ट्रक पहिले उघडायचा."

"आमच्या बँकेतही तेच. काम करणारा माणूस कसा, टेबलाशी बसला आहे हे कळतसुद्धा नाही. जो सारखा कुरकुर करतो, त्याची फाइल नेहमी जाड."

"पप्पा, आवाज येतोय तीच चालू आहे! खालची फिरतच नाही, म्हणून गप्प आहे!"

"साक्षीदाराने विचारल्याखेरीज बोलू नये," मुकुंदराव म्हणाले. "आणि आवाज खाली."

निर्णय एकमताने झाला. वरच्या डिस्कची वर्तणूक संशयास्पद आणि तब्येत ठीक नाही. खालच्या डिस्कविरुद्ध एकही तक्रार नाही, उलट संपूर्ण काळात तिने कमालीचा संयम दाखवला. तेव्हा तिला अधिकृत समजावं आणि वरचीवर जे काही लिहिलं असेल ते पुसून, खालचीवरचा मजकूर तिथे उतरवावा. हात फिरवताना मुकुंदरावांना खालच्या डिस्कची वायर सैल लागली, ती त्यांनी दाबून बसवली. दिवाळीत फडकं अडकलं होतं ते इथेच, पण आता तो मुद्दा चौकशीच्या कक्षेबाहेर होता.

कॉम्प्युटर पुन्हा लावला. पडद्यावर कार्डाने प्रश्न विचारला की कुठल्या डिस्कवरून कुठल्या डिस्कवर नक्कल करायची. त्याखाली ताकीद होती की दुसरीवरचं सारं नष्ट होईल.

"अहो, नका हो!" सुधाताई पदराला हात पुसत धावत आल्या. "आधी माझं काढून घेऊ द्या. माझ्या कलाबाई आहेत त्यात."

"तुझं दोन्हीकडे आहे ना? मग एक पुसली तर जातंय काय?" मुकुंदराव इतक्या समजुतीने म्हणाले की अण्णांनीही मान डोलावली. सुधाताईंनी हात धरायच्या आत मुकुंदरावांनी बटण दाबलं होतं. आशिष पायात चपला न घालताच घराबाहेर निघून गेला.

पडद्यावर टक्केवारी चढू लागली. दोघा समिती सदस्यांनी ती क्रिकेटच्या सामन्यासारखी पाहिली. शंभर झाले, लाल ओळ गेली, तिच्या जागी हिरवी आली. अण्णांनी टाळी दिली आणि मुकुंदरावांनी तिथेच निष्कर्ष सांगून टाकला, "दोन्ही डिस्कमध्ये आता काडीचाही फरक नाही. हिशेब तंतोतंत जुळला."

जुळला होता, यात वाद नाही. सुधाताईंनी प्रबंध उघडला. दोन्ही डिस्कवर तो अगदी सारखा होता. मुखपृष्ठ होतं आणि त्यानंतर ऋणनिर्देशाचं एक पान, कारण खालची डिस्क बंद पडली त्या दिवाळीपर्यंत त्यांचं तेवढंच टाइप करून झालं होतं. त्या पानावर पहिल्याच ओळीत त्यांनी पती श्री. मुकुंद यांच्या अमूल्य सहकार्याबद्दल आभार मानले होते. पुढे काहीही नव्हतं. कलाबाई तर कुठेच नव्हत्या.

मुकुंदरावांनी पान वरखाली सरकवून पाहिलं. "जो मजकूर एकाच प्रतीत होता," ते विचारपूर्वक म्हणाले, "तो नियमाप्रमाणे लिहिलाच गेला नव्हता, असं धरावं लागेल."

आणि सुधाताई ओरडल्या. इतक्या वर्षांच्या संसारात ज्यांचा आवाज शेजारच्या खोलीत जात नव्हता, त्या अशा ओरडल्या की तीन मजले हादरले. कलाबाई गेल्या तेव्हा रडले, आता त्यांचे शब्दही तुम्ही पुसलेत, असं त्या म्हणत होत्या आणि मधूनमधून शिव्या देत होत्या. अस्सल अहिराणी शिव्या होत्या त्या, प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणातल्या. आता त्या फक्त त्यांच्या तोंडी उरल्या होत्या.

दारात माणसं जमली. मुकुंदराव खुर्चीत बसून होते, हात मांडीवर, नजर खाली.

"एक शब्द उलट बोलत नाहीत बिचारे," कोणीतरी हळहळलं.

"शाळेत शिकवतात म्हणे या," दुसरी एक बाई म्हणाली. "पोरांना काय शिकवत असतील!"

"वहिनी, बाईमाणसाने इतका आवाज बरा नाही," अण्णा म्हणाले. "साहेबांकडे बघा, किती शांत आहेत."

काय झालं, असं मात्र त्या जमलेल्यांपैकी एकानेही विचारलं नाही.

तुमचं काय? खरं सांगा. तुम्ही समोरच्या इमारतीत राहत असता, दुपारची डुलकी नुकतीच लागली असती आणि हा कर्कश आवाज कानावर आला असता, तर चौकशी करायला जिना उतरला असता का? राहू द्या, उत्तर नको. तुम्ही खिडकी लावून घेतलीत, त्या कडीचा आवाज इथपर्यंत आला.