शिवकांतामावशींची चौकशी

नव्या घरात सामान उतरवत होतो, तेव्हा शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीवर एक डोकं उगवलं. जाड चष्मा, कपाळावर विभूतीचे पट्टे. नाव नाही, गाव नाही, थेट प्रश्न.

"निजताव कुठल्या खोलीत?"

माझी बायको सुनंदा हातात बादली घेऊन तशीच उभी राहिली. मी गोंधळून मागच्या खोलीकडं बोट केलं.

"अन् लेकरू?"

"मुलगी वरच्या खोलीत."

"बरं. माहीत असलेलं बरं," म्हणून डोकं खाली गेलं.

ही शिवकांतामावशींशी आमची पहिली भेट. सुनंदानं त्याच दिवशी मागच्या दाराला जास्तीची कडी बसवून घेतली.

लातूरला औसा रस्त्याच्या आत आमची वसाहत. सोळा घरं, सोळा फाटकं. माणसं गाडीत बसून बाहेर जातात आणि गाडीतूनच आत येतात. शेजाऱ्याचं नाव पाटीवर वाचायचं, तेही पत्ता चुकला तर. मावशी मात्र धपाट्यांचं ताट घेऊन कुठल्याही घरात शिरायच्या आणि ताट ठेवायच्या आत तो प्रश्न विचारायच्या. एका नव्या जोडप्याला त्यांनी भर रस्त्यात विचारलं. पोरगी लाजून जी आत पळाली, ती आठ दिवस अंगणात दिसली नाही.

समोरच्या पाटील इंजिनिअरांनी फाटकावर कॅमेरा बसवला, तर मावशी रोज सकाळी त्याच्यापुढं उभ्या राहून हात हलवायच्या. एकदा पाटील गाडी काढताना सापडले.

"ह्यात मी दिसते का वो?"

"दिसता की."

"मग हाक मारायला काय होतंय?"

पाटलांनी काच वर केली.

आमच्या मुलीची परीक्षा आली आणि ती अभ्यासाला म्हणून खालच्या खोलीत झोपायला लागली. चार दिवसांनी मावशींना कळलं. कंबरेवर हात ठेवून दारात हजर. "खोली बदलली, अन् मला सांगितलं न्हाई?" त्या खरंच रुसल्या होत्या. आठवडाभर धपाटे बंद.

शेवटी एका दुपारी आमच्या पायरीवर शेंगा फोडता फोडता सुनंदानं विचारलंच, "मावशी, लोकांच्या झोपण्याशी तुम्हाला काय करायचंय?" चुकून स्वतःकडं आलेलं आमचं पार्सल द्यायला पाटीलही नेमके तिथंच आले होते.

मावशींचा शेंगा फोडणारा हात थांबला नाही.

"मी किल्लारीची. भूकंपात घर पडलं तवा मातीखाली होते. माणसं चुलीकडं खणत होती. शेजारची गंगूअक्का वरडली, 'तिकडं न्हाई! शिवकांता देवघरात निजती!' म्हणून निघाले. पल्याडच्या घरात म्हातारी एकटीच राहायची. ती कुठं निजती, कुणालाच ठाऊक नव्हतं. लई उशीर झाला."

टरफलं बाजूला सारत त्या पुढं म्हणाल्या, "पुढं नवं गाव झालं. घरं चांगली मिळाली, पण अक्काचं घर पार त्या टोकाला. हाक जाईना. मग मी हिकडं लेकाकडं आले, अन् लेक गेला हैदराबादला."

पाटील पार्सल हातात धरूनच उभे होते. "गंगूअक्का आहेत का अजून?"

"हाय की! कान गेलेत, जीभ शाबूत हाय."

"भेटता कधी?"

"कोण नेतंय?"

रविवारी पाटलांच्या गाडीतून आम्ही सगळे किल्लारीला गेलो. रस्ताभर मावशी पाटलांच्या घरातल्या माणसांची नावं पाठ करत होत्या, आणि पाटील चुका दुरुस्त करत होते.

गंगूअक्का दारात पापडांचं वाळवण राखत बसल्या होत्या. मावशी पुढं जाऊन उभ्या राहिल्या. अक्कांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं, भिंतीचा आधार घेत उठल्या, आणि शाबूत असलेली जीभ काही हलेना. त्या नुसत्या मावशींच्या केसांवरून, खांद्यांवरून, पाठीवरून हात फिरवू लागल्या, अंगावरची माती झटकावी तसा. झटकतच राहिल्या.

मावशींचे डोळे घळाघळा वाहत होते. आवाज मात्र अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा लागला.

"अगं, बस की आता! आंघोळ करून आलेय मी!"