पंचवीस पापण्यांचा मस्कारा

गेल्या दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत छायाताईंच्या दोन डोळ्यांना एकाच कंपनीचा मस्कारा मी क्वचितच पाहिला. डाव्याला एक, उजव्याला दुसरा. डावा डोळा लग्नाला निघाल्यासारखा आणि उजवा नुकताच भांडून आल्यासारखा. असे डोळे घेऊन त्या पालमच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायच्या आणि गाडीची वेळ विचारायला आलेल्या बाईलाच जाळीआडून उलटा प्रश्न टाकायच्या.

"राणीसावरगावची गाडी कवा हाय, बाई?"

"साडेतीनला. डावा बरा दिसायलाय का उजवा?"

"कोणताबी चालंल बाई, बसायला जागा भेटली म्हंजे झालं."

माझं दुकान स्टँडच्या अगदी समोर. बांगड्या, टिकल्या, रिबिनी, आरसे, पिना. आमच्याकडं याला कटलरी म्हणतात, दुकानात चमचासुद्धा नसला तरी. वडिलांनी थाटलं, मी चालवतो, आणि माझी बायको तारा मी ते कसं चुकीचं चालवतो हे रोज सांगते. खिडकी आणि दुकान समोरासमोर असल्यामुळं छायाताईंची सगळी काळजी आधी माझ्या काउंटरवर येऊन आदळायची.

आणि काळजी हाच त्यांचा खरा धंदा. एसटीची नोकरी जोडधंदा. त्यांचं पालुपद एकच, "काही होणार तर न्हाई ना?" चहा घेताना, चप्पल घेताना, कुणाच्या बारशाला जातानासुद्धा. एकदा माझ्याकडून सेफ्टी पिनांचा पुडा घेतला आणि विचारलं, "मन्मथअप्पा, ह्या उघडणार तर न्हाईत ना?" मी म्हटलं, ताई, उघडल्या नाहीत तर लावणार कशा? त्यावर त्यांनी पुडा परत ठेवला आणि दोरी घेऊन गेल्या.

कर्ण्यावरून त्यांचा आवाज सगळ्या बाजारात घुमायचा. "गंगाखेड गाडी फलाटावर लागत आहे. कुणीही पळू नये. गाडी थांबणार आहे, मी सांगितलंय त्यांना." गाडी सुटली की दहा मिनिटांत कंडक्टरला फोन, पोचलात का म्हणून. तो बिचारा सांगायचा, ताई, अजून नाक्यावरच आहे. शेवटची मुक्कामाची गाडी सुखरूप पोचल्याचं कळेपर्यंत त्या घरी जेवायला बसत नाहीत, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मी हसलो होतो. मला काय माहीत, ही सवय किती जुनी आहे ते.

तर मस्कारा. ही वस्तू आमच्या दुकानात अलीकडची. वडिलांच्या काळी काजळाची डबी होती आणि तिच्यात सगळं भागायचं. आता लग्नसराईत मुली मागतात म्हणून मी नांदेडहून पाच-सहा प्रकार आणून ठेवतो. त्यातलं मला कळत काही नाही. जाड ब्रश, बारीक ब्रश, वाकडा ब्रश, एवढंच. दिवाळीनंतर एका दुपारी छायाताई आल्या, इकडं तिकडं पाहिलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "पापण्या कमी असल्या तर कोणता लावतेत?"

मी आपला सगळ्यांत महाग होता तो पुढं केला. जाड ब्रशचा. दुसऱ्या दिवशी त्या खिडकीत बसल्या तर काळा रंग पापण्यांना कमी आणि डोळ्यांच्या कडांना जास्त. ड्रायव्हर मंडळी एकमेकांत विचारू लागली की ताईंना कुणी मारलं. संध्याकाळी बाटली परत आली. मग वाकडा ब्रश झाला, मग पाण्यानं न जाणारा झाला. एकदा माझ्याच डोक्यातून चिकटवायच्या खोट्या पापण्या निघाल्या. त्यांतली डावी चहात पडली आणि टपरीवाल्यानं माशी समजून दुसरा कप दिला. चौकशी करता करता दोन डोळ्यांवर दोन प्रकार लावून बघायची पद्धत त्यांनीच काढली. निम्मा वेळ वाचतो म्हणे.

रोज आरशापुढं उभ्या राहून त्या मोजायच्याही. डाव्याला अकरा, उजव्याला चौदा. एकूण पंचवीस. म्हणजे बघा, बाई त्रेपन्न वर्षांच्या, घरी त्या आणि त्यांची म्हातारी आई, दोघीच. लग्न केलं नाही. केसांना कधी रंग लावला नाही, ओठांना कधी काही लावलं नाही. आणि पंचवीस पापण्यांसाठी माझं दुकान डोक्यावर घेतलेलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी वाणाचं सामान घ्यायला बायकांची झुंबड उडालेली असताना ताई मधे घुसल्या आणि सातवी बाटली परत केली. माझा तोल गेला.

"ताई," मी म्हटलं, "या वयात कुणाला दाखवायचंय?"

दुकानातल्या दोन-तीन बायका हसल्या. छायाताई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "मायला." आणि निघून गेल्या.

तारानं माझ्याकडं असं पाहिलं की मला रात्रीचं जेवण मिळेल की नाही याची शंका आली. गर्दी ओसरल्यावर मी दोन कप चहा घेऊन रस्ता ओलांडला आणि खिडकीमागच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसलो. माफी मागायला गेलो होतो. ती मागून झाली नाही, कारण त्या बोलायला लागल्या.

त्या आठ वर्षांच्या होत्या. राणीसावरगावात राहायच्या. मायला छातीचं दुखणं झालं आणि मामा तिला एसटीत बसवून लांबच्या दवाखान्यात घेऊन गेला. आठ दिवसांत येते म्हणाली होती. गावात संध्याकाळी एकच गाडी यायची. पोर रोज गाडीला जायची आणि रिकामी परत यायची. तेव्हा शाळेत मुलींचा एक खेळ होता, तो सगळीकडंच असतो. पापणीचा केस गळाला की तो मुठीच्या पाठीवर ठेवायचा, डोळे मिटायचे, मनातलं मागायचं आणि फुंकर मारायची. केस उडाला तर मिळतं. पण गळेल तेव्हा गळेल, गाडी तर रोज येणार.

"मंग मी उपटायला लागले," छायाताई म्हणाल्या. "एका गाडीला एक."

तीन महिने. माय आली तेव्हा पोरीच्या डोळ्यांना पापण्या राहिल्या नव्हत्या. मायनं ते पाहिलं, काय झालं ते तिला शेजारणीनं सांगितलं, आणि स्टँडवरच तिनं कपाळावर हात मारून घेतला. पुढं पापण्या आल्या त्या ह्या पंचवीस. माय दिसेल तेव्हा डोळ्यांकडं बघायची आणि रडायची. माझ्यापायी झालं, माझ्यापायी झालं. ते पाहून छायाताईंनी मान खाली घालून बोलायची सवय लावून घेतली.

मग काही वर्षांपूर्वी मायला मोतीबिंदू झाला. दिसायचं कमी होत होत नुसत्या सावल्या उरल्या. एक दिवस तिनं विचारलं, छाया, आता तरी आल्या का गं पापण्या? ताई म्हणाल्या, आल्या की, लय दाट आल्यात. त्या दिवसापासून माय रडली नाही. आल्यागेल्याचा चेहरा ती हातानं चाचपून ओळखते, पण हात डोळ्यांपर्यंत यायच्या आत ताई तोंड वळवतात.

"डॉक्टर दोन वर्षं झाली आपरेशन करा म्हणायलेत. मीच टाळायले," त्या म्हणाल्या. "ती परत दवाखान्यात जायची, ही भीती एक. आन् बरी होऊन आली तर ह्या बघंल, ही दुसरी. मायला मी आंधळं ठेवलं, अप्पा."

चहावर साय धरली होती.

"आन् अजून एक," त्या म्हणाल्या. "गळलेलीच चालती. उपटलेली चालत न्हाई. समद्या पोरींना म्हाईत होतं. मी फसवून मागितलं. दिलेलं परत घेतलं तर?"

पंचेचाळीस वर्षं ही बाई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला काही होणार तर न्हाई ना विचारते, आणि आम्ही सगळा बाजार त्यावर हसतो. मला माझी लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

दिवाळीत शेवटी ताईंनी डॉक्टरांना हो म्हटलं होतं, आणि ऑपरेशनला आता नऊ दिवस उरले होते. आता मस्कारा माझ्या अब्रूचा प्रश्न झाला. मी परभणीच्या ठोक व्यापाऱ्याला फोन करून करून वैताग आणला. "भाई, पच्चीस पापण्यांना लागंल असा द्या," असं म्हटल्यावर तो पच्चीस डझन समजला. रोज सकाळी छायाताई डावा-उजवा लावून यायच्या, मी रस्त्यापलीकडून डोळे बारीक करून बघायचो आणि मान हलवायचो. रात्री झोपेत मी अकरा आणि चौदा म्हणायचो, असं तारा सांगते.

उत्तर शेवटी तिलाच सापडलं. तिनं ताईंना दारात उजेडाला उभं केलं, हनुवटी धरून दोन्ही डोळे नीट पाहिले आणि माझ्यावर डाफरली की काळा कामून देताय, त्यांच्या पापण्या तपकिरी आहेत. काळा मोजक्या केसांवर उठून दिसतो आणि मधली रिकामी जागा दाखवतो. मग तिनं मागच्या कप्प्यातून तपकिरी काढला, जो दोन वर्षांत कुणी घेतला नव्हता म्हणून मी सूट लावून ठेवला होता. सगळ्यांत बारीक ब्रशचा. तो कागदावर तीनदा पुसला आणि उरलासुरला रंग मुळापासून हलक्या हातानं वर नेला. दुसरा डोळाही तसाच. छायाताईंनी आरशात पाहिलं. पापण्या दाट झाल्या नव्हत्या, पण होत्या. कुणी लांबून पाहिलं तर आहेत म्हणालं असतं.

"पुसून जाणार तर न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

हात लावू नका, डोळे चोळू नका, असं तारानं बजावलं. त्यावर त्यांनी हुकूम सोडला की पट्टी काढायच्या दिवशी मन्मथअप्पांनी बाटली घेऊन दवाखान्यात हजर राहायचं.

म्हणून मी, कटलरीचा मालक, दोन पोरांचा बाप, खिशात मस्कारा घालून परभणीच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन बसलो. ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं आणि चांगलं झालं होतं. छायाताईंनी डॉक्टरांना ते चार वेळा विचारलं होतं. सकाळपासून त्या डोळे मिचकावत नव्हत्या. पाणी आलं तरी मान मागं टाकून आत जिरवायच्या. दोन्ही डोळ्यांना एकच मस्कारा, आणि तो नीट होता, हे मी शंभरदा सांगितलं.

नर्सनं पट्टी काढली. मायनं पंख्याकडं पाहिलं, नर्सकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"तू कटलरीवाल्याचा मन्मथ न्हवं का? टक्कल पडलं की रे."

मी हो म्हटलं. मला तेवढ्यातसुद्धा वाईट वाटलं.

मग तिनं लेकीकडं पाहिलं. छायाताई खाटेजवळ उभ्या होत्या, हात जोडल्यासारखे छातीशी धरून. माय पाहत राहिली. मी खिशातली बाटली घट्ट धरून ठेवली, जणू अजून काही करता येणार होतं. मायनं हात लांब करून लेकीला खाली ओढलं, काठावर बसवलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि शेंबड्या पोराचं नाक पुसावं तसं एका झटक्यात डाव्या डोळ्यावरून फिरवलं. मग उजव्यावरून.

"काय लावलंस गं हे. चांगलं न्हाई दिसत."

"माय, पापण्या..." छायाताईंनी मान खाली घातली. "मी खोटं बोलले."

"म्हाईत हाय मला. माझे डोळे गेले हुते, हात न्हवते गेले. रातची तू झोपी गेलीस की रोज हात फिरवते तुझ्या डोळ्यांवरून. तू दाट आल्या म्हणलीस, मी हो म्हणले. तुला बरं वाटंना का म्हणून."

दोघी एकमेकींना बरं वाटावं म्हणून किती वर्षं गप्प होत्या, याचा हिशेब मी करू पाहिला आणि सोडून दिला. माझा चष्मा धुरकटला होता.

मायच्या पदरावर तपकिरी डाग पडला होता आणि डागात एक केस चिकटला होता. तिनं तो नव्या डोळ्याजवळ नेऊन, लांब नेऊन, नीट पाहिला. मग लेकीचा हात धरून मूठ वळवली आणि तो मुठीच्या पाठीवर ठेवला.

"ही उपटलेली न्हाई. आपसूक गळलेली हाय, ह्या अप्पासमोर. माग आता काय मागायचं ते."

छायाताई मूठ पुढं धरून बसून राहिल्या. डोळ्यांतलं पाणी आता त्यांनी आत जिरवलं नाही. मला वाटलं, आता विचारतील, काही होणार तर न्हाई ना.

"काय मागू?" त्या म्हणाल्या. "तू तर आलीस."

"मंग तशीच फुक," माय म्हणाली. "पालमची गाडी निघून जाईल."