मागच्या डाव्या चाकातली हवा

हवा जोवर मोकळी असते तोवर तिला कोणी हिंग लावून विचारत नाही. तिलाच टाकीत कोंबा, दाब द्या, पाइपातून भिंतीभर फिरवा आणि शेवटी एका तोटीला आणून सोडा. लगेच तिला भाव येतो आणि चार शेजारी ती बघायला येतात. (माणसांचंही असंच असतं म्हणतात. पण आमच्या एल्बो फॉल्स गावात माणसांविषयी उघड बोलायची पद्धत नाही, म्हणून आपण हवेविषयीच बोलू.)

सदर हकिगत ऑरिन हाउगडालच्या गॅरेजची आहे. ऑरिननं उभी हयात मिनेसोटाच्या रस्त्यांवरचं बर्फ ढकलण्यात घालवली आणि मग तो निवृत्त झाला. अर्धवट काम त्याला खपत नसे. सप्टेंबरातल्या एका सकाळी कॉफी ओतता ओतता त्याची बायको मार्लिस म्हणाली, "ऑरिन, माझ्या गाडीचं मागचं डावं चाक जरा बसल्यासारखं वाटतंय. सवड झाली की हवा भरशील का?"

आमच्याकडे 'सवड झाली की' याचा अर्थ 'आत्ता' असा होतो, हे ऑरिनला पक्कं ठाऊक होतं. त्यानं टाळाटाळ केली असं त्याच्या वैऱ्यालाही म्हणता येणार नाही. कप खाली ठेवून तो तडक गॅरेजमध्ये गेला आणि कामाला लागला.

पेट्रोल पंपावर हवा मिळते, हे खरं. पण "त्या हवेत पाणी असतं," असं ऑरिनचं म्हणणं, आणि दुसऱ्याची हवा आपल्या चाकात घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. शिवाय मुलांनी निवृत्तीला भेट दिलेला कॉम्प्रेसर खोक्यात पडून होता. तो काढला. चालू केला. तो थरथरला, म्हणून त्याच्याखाली रबर आलं. तो ओरडला, म्हणून त्याच्याभोवती लाकडी कपाट आलं. कपाटात तो तापला, म्हणून पंखा आला. इथवर कोणताही समंजस माणूस येतो. खरा प्रश्न पाइपचा.

हवेचा पाइप कशाचा असावा, या विषयावर इंटरनेटवर गॅरेजवाल्या पुरुषांची एक सभा अखंड भरलेली असते. तिथे तांबंवाले, लोखंडवाले आणि ॲल्युमिनियमवाले असे तीन पंथ आहेत आणि त्यांच्यात रोटीव्यवहार नाही. प्लास्टिकच्या पाइपचं नाव काढलं, तर मात्र तिन्ही पंथ एक होऊन अंगावर येतात. प्लास्टिकचा पाइप हवेच्या दाबानं फुटतो आणि त्याचे तुकडे उडतात, हे खरंच आहे; त्यानं एकाचा मेहुणा जायबंदी झाला, असं तिथे दर तिसरा सभासद सांगतो. (तो मेहुणा सगळ्यांचा एकच असावा. बिचारा.) यथासांग विचारविनिमय होऊन तांबं मंजूर झालं. तोवर झाडांची पानं गळून गेली होती.

मग उतार. दाबलेल्या हवेतून पाणी सुटतं, म्हणून पाइप अगदी आडवा न लावता थोडा उतरता लावायचा आणि टोकाला पाणी काढायची तोटी बसवायची. शिवाय प्रत्येक फाटा पाइपच्या पाठीवरून काढून आधी वर न्यायचा आणि मग खाली वळवायचा, म्हणजे हवा पुढे जाते आणि पाणी मागे राहतं. (कचेऱ्यांत अर्ज असेच आधी वर नेऊन मग खाली आणतात. तिथे मागे कोण राहतं, ते सांगायला नको.) कपाटाची एक बाजू किंचित खचली आणि अख्ख्या गॅरेजचा उतार बिघडला, तेव्हा ऑरिननं मार्लिसच्या गाडीतला जॅक काढून कपाटाखाली दिला. तात्पुरता.

नोव्हेंबर सरता सरता, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास यंत्रणा पूर्ण झाली आणि डोळ्यांचं पारणं फिटावं अशी झाली. एक तोटी कामाच्या टेबलापाशी. एक फ्रीझरच्या वर. एक शिकारीचं हरीण टांगायच्या आकड्याजवळ. एक स्वयंपाकघराच्या दाराशी, बुटांवरचं बर्फ उडवायला. एक आढ्याला, जिचा उपयोग अजून ठरायचा आहे. आणि मागच्या भिंतीवर लाल रंगाचं नळीचं चक्र; त्याची नळी ओढली की मार्लिसच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकापर्यंत बरोब्बर पोचेल, अशी मोजून घेतलेली. फक्त ती गाडी गॅरेजमध्ये, आपल्या जागेवर उभी असली पाहिजे. त्या जागेवर आता यंत्रणा होती. दुसऱ्या बाजूला ऑरिनची पिकअप होती. मार्लिसची गाडी अंगणात, पिकअपच्या मागे रस्त्याकडे नाक करून उभी होती. तात्पुरती.

सारांश, चाकात हवा भरण्यासाठी गाडी आत यायला हवी होती, आणि गाडी आत येण्यासाठी हवा भरण्याची सोय बाहेर जायला हवी होती. ही अडचण सोडून यंत्रणेत नाव ठेवायला जागा नव्हती.

लोक बघायला येऊ लागले. आमच्याकडे उघड्या गॅरेजसमोर खिशात हात घालून उभं राहतात आणि अभिप्राय देतात. अभिप्रायांची प्रतवारी ठरलेली आहे. 'वाईट नाही' म्हणजे अप्रतिम. 'चालेल की' म्हणजे उत्तम. 'बरीच मेहनत घेतलीस' म्हणजे देव तुझं भलं करो. आणि 'हे वेगळंच आहे' म्हणजे पुरता सत्यानाश. याच्या पलीकडे जाऊन कोणी टीका केल्याचं एल्बो फॉल्समध्ये कोणाच्या ऐकिवात नाही.

शेजारचा डेल्बर्ट आला. त्यानं लाल चक्राकडे बघितलं. मग नळीकडे, मग बाहेर उभ्या गाडीकडे, मग परत चक्राकडे. खिशातले हात न काढता तो म्हणाला, "हं. हे वेगळंच आहे."

ऑरिननं वळून पाइपांकडे बघितलं. काय चुकलं? विचारण्याची सोय नव्हती. विचारणं म्हणजे समोरच्याला खरं बोलायला लावणं, आणि शेजाऱ्यावर अशी वेळ कोणी आणतं का? ऑरिननं स्वतःच शोध घेतला. पुन्हा सगळे उतार तपासले, सगळे सांधे साबणाच्या पाण्यानं तपासले. काही सापडेना. शेवटी रंग असणार असं ठरवून त्यानं सगळे पाइप निळे रंगवले.

जाता जाता डेल्बर्टनं विचारलंही होतं. "माझा पायपंप आहे. देऊ का?"

"नको रे, कशाला त्रास."

"त्रास कसला? कोनाड्यात पडलाय नुसता."

"नको नको. झालंच आहे आता."

आमच्याकडे दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, असा दंडक आहे. पाव असो, उरलेला केक असो, की मूत्रपिंड. ऑरिन तिसऱ्या विचारण्याची वाट बघत उभा राहिला. नेमकी तेव्हाच डेल्बर्टच्या बायकोनं ओव्हनमधून काढलेलं हॉटडिश निवतंय म्हणून हाक मारली आणि तो गेला. तिसरं विचारणं राहून गेलं. पुढे दोघे रोज भेटत, हवापाण्यावर बोलत. डेल्बर्टला वाटे, दोनदा नको म्हणाला, आता कसं विचारू? ऑरिनला वाटे, दोनदाच विचारलं, आता कसं मागू?

इकडे मार्लिसच्या आयुष्यात एक गोष्ट घडली. चर्चच्या गायनमंडळात ती मागच्या रांगेत उभं राहून वर्षानुवर्षं खालच्या सुरात गात आली होती. पुढच्या रांगेतली मुख्य गायिका यंदा थंडीला कंटाळून उबदार ॲरिझोनाला राहायला गेली, आणि शेजारच्या गावच्या मोठ्या चर्चमधल्या नाताळाच्या कार्यक्रमात एक कडवं एकटीनं गायला मार्लिसला सांगण्यात आलं. एकच कडवं. ती ते भांडी घासताना म्हणे, कपडे घड्या करताना म्हणे, आणि ऑरिन आला की थांबे. तिला भीती वाटत होती आणि ती फार खूश होती, आणि यातलं काहीही ती बोलली नाही.

"रविवारी सकाळी गाडी लागेल हं," एवढंच ती म्हणाली.

"त्याच्या आत गाडी आत आणि चाकात हवा," ऑरिन म्हणाला. "शब्द आहे माझा."

रविवारी पारा शून्याच्या खाली जाऊन बसला होता आणि मागचं डावं चाक त्याच्याबरोबर. जमिनीला पार टेकलं होतं. गाडीचं नाक साचलेल्या बर्फात रुतलेलं. तिच्यामागे, गॅरेजमध्ये, पिकअप अडकलेली. ऑरिननं मात्र धीर सोडला नाही. त्यानं कॉम्प्रेसर चालू केला, दाबाच्या गेजचा काटा रुबाबात वर चढला. त्यानं नळी ओढली. टेबल, फ्रीझर, पिकअप ओलांडून ती दारातून बाहेर आली आणि चाकाच्या अलीकडे दीड हातावर थांबली. ऑरिननं ओढली. थंडीनं ती काठीसारखी ताठ झाली होती. ती त्यालाच मागे ओढू लागली.

निळा कोट आणि बर्फाचे बूट घातलेली मार्लिस, हातात गाण्याची फाइल घेऊन, हे बघत उभी होती.

"चाक काढून आत नेतो," ऑरिन म्हणाला. "फक्त जॅक कपाटाखाली आहे. तो काढला की उतार जाईल, पण हरकत नाही. अर्धा तास दे."

"अर्धा तास नाहीये, ऑरिन." तिचा आवाज फुटला. "तीन महिने दिले ना रे तुला!"

एवढ्या वर्षांत ती त्याच्याशी इतकं स्पष्ट पहिल्यांदाच बोलली. ऑरिन नळी धरून उभाच राहिला. पलीकडे डेल्बर्ट फावड्यानं बर्फ काढत होता. त्यानं मान वर केली आणि, इतक्या दिवसांचं ओझं उतरवावं तसं, कुंपणावरून विचारलं, "मार्लिस, पायपंप देऊ का?"

"दे," मार्लिस म्हणाली.

पहिल्याच विचारण्याला! डेल्बर्टच्या हातातलं फावडं खाली पडलं. "म्हणजे... खरंच देऊ?"

"अरे बाबा, दे म्हणते ना! पळ!"

तो पळाला. पंप आला. मार्लिसनं कोट सावरून स्वतःच पाय मारला. चाक उठलं. काम एकूण दोन मिनिटांचं होतं, हे इथे नोंदवणं भाग आहे. डेल्बर्टनं ढकलून गाडी बर्फातून काढली आणि ती भुर्रकन गेली.

"नळी थोडी लांब हवी होती," ऑरिन म्हणाला.

"मला तेव्हाच वाटलं होतं."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"बोललो की! वेगळंच आहे म्हणालो. आणखी किती बोलायचं माणसानं?"

 ऑरिन मोकळी झालेली पिकअप काढून मागोमाग गेला आणि चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला. मार्लिस पुढे आली. सुरुवातीला तिचा आवाज कापला, मग चढला, आणि ऑरिनच्या लक्षात आलं, की हा आवाज इतकी वर्षं आपल्या स्वयंपाकघरात होता. त्याला स्वतःची लाज वाटली आणि तिचा अभिमान वाटला, आणि दोन्हींचं मिळून पाणी झालं. (पाणी खाली यायला उतार लागतो, चेहऱ्याला तो मुळातच असतो.)

नंतर चर्चच्या तळघरात कॉफी होती. सगळे तिला "वाईट नाही झालं," म्हणत होते. ऑरिन गर्दीतून पुढे आला आणि सर्वांदेखत म्हणाला, "मार्लिस, फार सुंदर गायलीस. आणि चाकाचं माझं चुकलं."  पाद्र्यांनी कप खाली ठेवला. मार्लिस लाल झाली.

"चल, गाडीत बोल," ती पुटपुटली. पण हात सोडला नाही.

ऑरिनला तुम्ही हसलात, ते ठीकच आहे. पण ही हकिगत उघडून बसलात, तेव्हा घरातून कोणीतरी तुम्हाला सवड झाली की करायचं एक दोन मिनिटांचं काम सांगितलं होतं, आणि तुम्ही 'हो, एवढं वाचून होऊ दे' म्हणालात. त्यानंतर आतून पुन्हा आवाज आलेला नाही. पायपंप कोणाकडे मिळतो, त्याची चौकशी एव्हाना सुरू झाली असेल.