डावी पंगत, उजवी पंगत

पंगतीच्या तोंडाशी सुखदेव उभा असला, की आपण कुठं बसायचं हे आपल्या हातात राहत नाही. येणाऱ्याचं पोट पाहतो, दात पाहतो आणि म्हणतो, "डावीकडं." पुढच्याला, "तू उजवीकडं." मागून कोण येणार हे त्याला ठाऊक नसतं, आणि बसलेल्याला उठवायचं नाही ही आमच्या धामणगावची रीत. तरी दोन्ही पंगतींचं जेवण एकदमच आटोपतं.

लोकांना याचं फार कौतुक. मला नाही. मी चौथीपर्यंत शिकलो, तो तिसरीतच पळाला. पण गावात लग्न निघालं की सगळे सुखदेवभाऊकडं पळतात. मला कोणी विचारत नाही, आणि आवाज माझा मोठा आहे.

म्हणून नातीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मी घरात बजावलं, पंगत मी बसवीन. मानाप्रमाणं बसवली. मुलाकडची सगळी म्हातारी माणसं उजवीकडं, आमची वावरात राबणारी माणसं डावीकडं. फार शोभत होतं. पण उजवीकडचे अर्ध्या बट्टीतच आटोपले आणि डावीकडचे वरणात तिसरी चुरत बसले. समोरची पंगत उठल्याशिवाय कोणी उठत नाही आमच्यात. पाहुण्यांचे हात वाळून गेले. ते मला फार लागलं.

दुसऱ्या खेपेला सुखदेव माझ्या मागं येऊन उभा राहिला.

"काऊन आला बे?"

"तुम्हीच बसवा नाना. मी फक्त पाहून राह्यलो."

आणि नुसती मान डावीकडं-उजवीकडं हलवत राहिला. लोक माझं ऐकायचं सोडून त्याच्या मानेकडं पाहून बसले. दोन्ही पंगती एकदम उठल्या. पाहुण्यांनी शाबासकी दिली मला, आणि तो पत्रावळी मांडायला गेला. त्यानं मी आणखीच जळलो.

शेवटच्या खेपेला दोन्ही बाजू सारख्या भरल्या. सुखदेव उभाच. जेव म्हटलं, तर म्हणाला, "मी बसलो त एक बाजू जड होते ना. घरी जाऊन खाईन."

घरी कोण आहे? बायको गेल्यापासून त्याची चूल कधी पेटते, कधी नाही. मग आठवलं, त्याला पंगतीत जेवताना मी कधी पाहिलंच नव्हतं. आणि मी तर कायम त्याच्यावर नजर ठेवून असतो.

माझं जेवण झालं होतं. तरी पत्रावळ घेतली आणि उजवीकडं बसलो.

"आता डावी हलकी पडली. बस तिकडं."

तो माझ्या पोटाकडं बघत राहिला. "दोन बट्ट्या खासान ना?"

"तीन."

तेव्हा कुठं तो बसला.