नामोरीने मान उचलली त्याची हकीकत

श्रीदीपदेवता समर्थ. शके अठराशे शहाऐंशी. समुद्रापलीकडे एका नदीकाठचे राज्य टोपीकरांचे हातून सुटोन चार वर्षे जाहली, ते समयींचे वर्तमान ऐसे जे: टोपीकरांचा अंमल होता तेव्हा हुकूम की, एतद्देशीयाने परवान्यावाचून चित्रपट काढू नये. आपण मात्र येऊन काढीत, आणि त्यांत साहेब पुढे चाले व मागे ओझेकरी. नामोरी म्हणोन एक गृहस्थ, ताडासारखा उंच, तारुण्यापासोन पडद्यावर तेच ओझे वाहात आला; आणि साहेबाची शिकवण ऐसी की, चित्रे टिपावयाचे यंत्र फिरू लागताच मान खाली, पाऊल मागे.

मग राज्याने आपला पहिला चित्रपट मांडिला. तेनेंबाबाई दिग्दर्शिका, तिने पूर्वींच्या राजाची गोष्ट योजिली आणि राजपद नामोरीस दिधले. नामोरी मनी बहुत हर्षला, की गावाने पडद्यावर आपली पाठ पाहिली, आता तोंड पाहील. परंतु यंत्र फिरताच मान आपोआप खाली. पुन्हा फिरविले, पुन्हा तेच. फीत यावयाची ती टोपीकरांच्याच मुलखातून. ती सरत आली आणि शेवटले रीळ राहिले. बाई म्हणाली, "बाबा, आपण राजे आहां." नामोरीचे डोळां पाणी आले. "लेकी, मला कळते गं. या मानेस कळत नाही. दुसरा राजा पाहा."

यंत्रावर फांतामादी होता. त्या मुलखी चाल ऐसी की, कित्येक कुळांत पूर्वापार थट्टेचे नाते; एका कुळातल्याने दुसऱ्यातल्या थोरास टोचून बोलिले तरी राग धरू नये, आणि सवाई जबाब न दिल्यास कुळास उणे. फांतामादी नामोरीचे तशाच नात्यातला. त्याने यंत्र फिरविले आणि ओरडला, "अरे चवळीखाऊ! तुझे आजे आमची भांडी घाशीत होते, तू कसला राजा?"

नामोरीची मान झटक्याने वर आली. यंत्र, साहेब, सारे विसरोन तो छाती काढोन पुढे निघाला आणि गर्जला, "चूप रे! तीच चवळी आम्ही वाढली, म्हणोन तुझे कूळ जगले!" फांतामादीस हसू आवरेना, तरी हात हलू दिला नाही, आणि राजा चित्राचे चौकटीत मावेना म्हणोन यंत्र घेऊन मागे मागे सरला. बाई पुटपुटली, "फिरू द्या, फिरू द्या. बोल मागाहून भरू."

मग नामोरीचे गावी पडदा बांधिला, आणि राजा पुढे येताच अवघा गाव उठोन उभा राहिला.

सारांश, आजवर नामोरी यंत्रापुढून मागे सरत होता. त्या दिवशी यंत्र नामोरीपुढून मागे सरले. या राज्याचे चित्रपटाचा आरंभ तो हाच.