चौतीस दिवसांची सहमती

१९८४ सालच्या जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात प्रादेशिक मापतोल मंडळाच्या नागपूर कार्यालयात एक काम निघालं. इतवारीतल्या व्यापाऱ्यांच्या तराजूंवर आणि वजनांवर मंडळाचा शिक्का असतो. तो दर वर्षी नव्याने मारून घ्यावा लागतो. पुढच्या महिन्यात ज्यांच्या शिक्क्याची मुदत संपते त्यांची यादी संगणकातून छापायची आणि त्यांना आगाऊ सूचना धाडायची, एवढंच ते काम. आजवर ही यादी हेडक्लार्क नत्थूजी रजिस्टर बघून हाताने करत, आणि ती बरोबरही असे. पण मंडळाने संगणक घेतला होता, आणि घेतलेल्या वस्तूला काम दिलं नाही तर लेखापरीक्षक प्रश्न विचारतात.

प्रोग्रॅम लिहिता येणारी व्यक्ती कार्यालयात एकच, प्रेमिला. "किती दिवस लागतील?" असं विचारल्यावर ती म्हणाली, "तीन." आणि त्याच दमात चौथ्या दिवसापासून आठ दिवसांची रजा मागून मोकळी झाली.

रजेचं कारण अकरा महिन्यांचं होतं. नवरा रेल्वेत, बल्लारशाला. घरात बघणारं कोणी नाही, म्हणून लेक संघमित्रा, ऊर्फ मितू, नरखेडजवळच्या गावात, प्रेमिलाच्या माहेरी, आजी-आजोबांकडे. आजोबा धोंडबा संत्र्याच्या बागेत राखणीला होते. आजी जनाबाई सांगेल तसं ते पोस्टकार्ड लिहीत. ताज्या कार्डात मजकूर होता, "पोरगी भिंत धरून उभी राहून राहिली. आता कवाबी पाय टाकन. तू ये." प्रेमिलाने ते कार्ड पर्समध्ये ठेवलं होतं आणि दिवसातून चार वेळा काढून वाचत होती. लेकीला आपण जन्म दिला, दूध पाजलं आणि मग पोस्टाच्या हवाली केलं, असं तिला वाटे. निदान पहिलं पाऊल तरी डोळ्यांनी बघायचं, एवढाच तिचा हट्ट होता.

त्याच आठवड्यात कार्यालयप्रमुख अनंत घाटोळे साहेब हैदराबादचं पंधरा दिवसांचं प्रशिक्षण आटोपून परतले. सोबत मोत्याची एक माळ आणि एक पद्धत घेऊन आले. माळ घरी दिली, पद्धत कार्यालयात आणली.

"एका व्यक्तीने दिलेला अंदाज हा अंदाज नसतो, ते मत असतं," साहेबांनी सर्वांना टेबलाभोवती बसवून सांगितलं. "अंदाज म्हणजे सहमती. प्रत्येकाने कार्डावर दिवसांचा आकडा लिहायचा. कार्ड पालथं ठेवायचं. मी 'उघडा' म्हटलं की सर्वांनी एकदम उघडायचं. ज्याचा आकडा सर्वांत मोठा आणि ज्याचा सर्वांत लहान, त्या दोघांनी उभं राहून सकारण खुलासा करायचा. मग पुन्हा कार्डं. सर्वांचा आकडा एक होईपर्यंत. सरासरी काढायची नाही. सरासरी ही भित्र्यांची सहमती आहे."

आकडेही ठरलेले होते: एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा, एकवीस, चौतीस. मधले आकडे लिहायला मनाई, कारण माणसं मधल्या आकड्यांवरच भांडतात, असं हैदराबादेत सिद्ध झालं होतं. कार्डं विकत घ्यावी लागली नाहीत. जुन्या यंत्राची भोकं पाडायची कार्डं पाच खोकी शिल्लक होती.

टेबलाभोवती चौघं. प्रेमिला; यंत्र चालवणारा ऑपरेटर बळीराम; माहिती भरणाऱ्या कुसुमावती; आणि नत्थूजी, ज्यांनी संगणकाला अद्याप हात लावला नव्हता, पण सहमतीत सर्व संवर्गांचं प्रतिनिधित्व आवश्यक होतं. चहा घेऊन आलेली रंभाबाई दारातच थबकली.

"अगा बाई, साहेब! दिवसाढवळ्या तीन पत्ती?"

"हे शास्त्र आहे," साहेब म्हणाले. "उघडा!"

प्रेमिला तीन. कुसुमावती आठ. बळीराम एकवीस. नत्थूजी चौतीस.

प्रेमिलाने उभं राहून खुलासा केला. फाइल वाचायची, तारीख ताडून बघायची, नाव छापायचं. एक दिवस लिहायला, एक तपासायला, एक चुकांना. खाली बसताना तिला वाटलं, यावर कोणाला काय बोलता येणार!

मग नत्थूजी उठले. "साहेब, मले यातलं काहीच समजत नाई. म्हणून मी सगळ्यात मोठं पान टाकलं."

साहेबांचा चेहरा उजळला. "याला म्हणतात अज्ञात जोखीम! नत्थूजी, तुम्ही एकटेच पद्धत समजलात." आणि त्यांनी इतिवृत्तात अज्ञात जोखमीची नोंद करायला सांगितली. इतिवृत्त नत्थूजीच लिहीत होते. त्यांनी ती नोंद सुवाच्य अक्षरात केली.

"प्रेमिलाबाई, तीन दिवस म्हणता," बळीराम म्हणाला, "उद्या मुंबईचं हेडऑफिस म्हणन, एक बाई तीन दिवसांत करते, तं हे बाकीचे तिघं काय संत्री सोलून राहिले?"

कुसुमावती तिच्या कानाशी लागल्या. "अवं, लहान पान नको टाकू. लहान पान टाकते, तिलेच सारं करा लागते."

"सारं मलेच करायचं आहे, ताई."

"म्हणूनच तं सांगून राहिली!"

दुसऱ्या फेरीत प्रेमिलाने आठ टाकले. आपण माघार घेतली नाही, फक्त अज्ञात जोखमीचा मान राखला, अशी तिने मनाची समजूत घातली. पण आता पहिल्या फेरीत कौतुक झालेला आकडा सर्वांना ठाऊक होता. बळीराम चौतीसवर गेला. कुसुमावती एकवीसवर. पुन्हा प्रेमिलाच खाली, पुन्हा तिलाच उभं राहणं. संध्याकाळपर्यंत सहा फेऱ्या झाल्या आणि सहाही वेळा तिने तोच खुलासा केला. सहाव्यांदा तो तिला स्वतःलाच खोटा वाटला.

दुसऱ्या दिवशी तिला एक युक्ती सुचली, आणि ती युक्ती सुचल्याबद्दल पुढे बरेच दिवस तिने स्वतःला मनातल्या मनात जोड्याने मारलं. बैठक संपल्याशिवाय काम सुरू होणार नाही. सहमती झाल्याशिवाय बैठक संपणार नाही. मग आपणही चौतीस लिहून टाकावं. चौतीस दिवसांची सहमती जितकी लवकर, तितकं तीन दिवसांचं काम लवकर. आकडा कागदावरचा. कागदाने कोणाचं काय अडतं? सरकारी नोकरीत सहा वर्षं काढूनही तिला हा प्रश्न पडला, यावरून तिच्या हुशारीचा अंदाज यावा.

"उघडा!"

चौतीस, चौतीस, चौतीस, चौतीस. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. चारही कार्डांवर सह्या घेण्यात आल्या आणि ती मुख्यालयाला रवाना झाली.

दुसऱ्याच दिवशी मुख्यालयाची मंजुरी तारेने आली आणि प्रेमिला कामाला लागली. जेवणाच्या सुट्टीत यंत्र मोकळं असे, तेव्हा एका हातात पोळीची गुंडाळी धरून तिने दुसऱ्या हाताने प्रोग्रॅम चढवला. तिसऱ्या दिवशी दुपारी यादी छापून निघाली. दोनशे बारा नावं. नत्थूजींनी रजिस्टरशी ताडून पाहिली, एकही चूक नव्हती. यादीला रजेचा अर्ज टाचून ती साहेबांपुढे उभी राहिली.

साहेबांनी यादी उघडली नाही. कॅलेंडर उघडलं.

"हे काम झालेलं असू शकत नाही."

"साहेब, झालंय. तपासलंय."

"आज तिसरा दिवस आहे. काम चौतीस दिवसांचं आहे. हे तुमचंच कार्ड, ही तुमचीच सही." त्यांचा आवाज वडीलधारा झाला. "बाई, काम झालं असेल तर सहमती खोटी ठरते. सहमती मुख्यालयाने मंजूर केली आहे, तेव्हा ती खोटी असू शकत नाही. म्हणजे उरलं काय?"

"काम अपुरं आहे," प्रेमिला म्हणाली. वाक्य तिच्याच तोंडून निघालं, याचं तिला नंतर आश्चर्य वाटलं.

किती अपुरं, हे ठरवायला पुन्हा बैठक बसली. पुन्हा कार्डं. फक्त या एका प्रसंगासाठी साहेबांनी एकतीस हा आकडा पद्धतीत समाविष्ट करून घेतला. पहिल्याच फेरीत सहमती झाली. प्रेमिलानेही एकतीसच लिहिला होता. उभं राहायची तिच्यात आता ताकद नव्हती. यादी साहेबांच्या कपाटात कुलूपबंद झाली.

मंडळाच्या नियमानुसार प्रकल्प चालू असताना रजा नाही. तरी रविवार होता. शनिवारी संध्याकाळची एसटी धरायची, रविवार लेकीजवळ काढायचा, सोमवारी पहाटे परत, असा तिने बेत केला. शुक्रवारी आदेश आला: तीस दिवसांहून मोठं काम हा अग्रक्रम प्रकल्प समजावा व कर्मचाऱ्यांच्या साप्ताहिक सुट्ट्या स्थगित ठेवाव्यात.

तेव्हा प्रेमिला रविवारीही येऊ लागली, आणि झालेल्या कामापुढे बसू लागली. रोज प्रगती अहवाल भरावा लागे. पहिला आठवडा तिने प्रामाणिकपणे 'काम पूर्ण' असं लिहिलं; तो अहवाल 'कृपया वस्तुस्थिती नमूद करावी' या शेऱ्यासह परत येई. मग बळीरामने शिकवलं.

"एखादी अडचण टाका, बाई. अडचण नसली तं काम खरं वाटत नाई."

एकोणिसाव्या दिवशी तिने एक अडचण टाकली. विसाव्या दिवशी ती सोडवली. त्याबद्दल तिला साहेबांची शाबासकी मिळाली, आणि लाज वाटायच्या आधी तिला क्षणभर बरंही वाटलं.

कार्डं येतच होती. "भिंत सोडून उभी राहते." "दोन बोटं धरून आंगणभर फिरवते मले." चोविसाव्या दिवसानंतरच्या कार्डात मितूच्या पायांचा उल्लेखच नव्हता. बाग, खोकला, विहिरीची मोटर, सगळं होतं. प्रेमिलाने ते कार्ड चार वेळा वाचलं आणि पाचव्यांदा वाचायचं टाळलं.

चौतिसाव्या दिवशी कपाट उघडलं. यादी मुख्यालयाला गेली. ज्या दोनशे बारा व्यापाऱ्यांना आगाऊ सूचना द्यायची होती, त्या सगळ्यांची मुदत एव्हाना होऊन गेली होती. मुख्यालयाने खातरजमा करून कळवलं की यादी शंभर टक्के अचूक आहे. तीत एकही माणूस असा नाही, ज्याची मुदत संपलेली नाही. शिवाय अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक शून्य दिवस, असं मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं. चौघांना प्रशस्तिपत्र. प्रेमिलाची आठ दिवसांची रजा मंजूर.

तिने प्रशस्तिपत्र टेबलावर ठेवलं आणि एसटी धरली.

अंगणात तिघं उभी होती. जनाबाई, धोंडबा आणि शेजारची भीमाबाई. मितू आजीच्या कडेवर होती. आईकडे तिने आधी नीट बघून घेतलं आणि मग हात पुढे केले. प्रेमिलाने तिला छातीशी धरलं, मानेत नाक खुपसलं, आणि तसंच राहून विचारलं, "चालली का वं, माय?"

"नाई!" तिघंही एकदम म्हणाली.

"एक पाय उचलला नाई पोरीनं," जनाबाई म्हणाली. "तुहीच वाट पाहून राहिली होती. सोड बरं खाली. पाहू."

प्रेमिलाने तिला भुईवर उभं केलं. मितू क्षणभर डुलली. मग तुरुतुरु चालत निघाली, रांजणापाशी पोचली, रांजणाला वळसा घातला, वाटेतली कोंबडी पायाने बाजूला केली आणि मागे वळून हसली.

"अवं माय! पहिलं पाऊल!" भीमाबाईने टाळी वाजवली.

"आजच! तुह्यासमोर!" जनाबाई म्हणाली.

"आम्ही पण आत्ताच पाहून राहिलो," धोंडबा म्हणाले. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून त्यांनी ते रांजणाकडे बघत सांगितलं.

पहिलं पाऊल टाकणारं मूल वळसा घेत नाही, हे प्रेमिलाला कळत होतं. पहिल्याच फेरीत तिघांचा आकडा एक यायला आधी कितीदा बसावं लागतं, हे तर त्या अंगणात तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तिने आईकडे पाहिलं. जनाबाईचे ओठ घट्ट मिटलेले होते, डोळे भरले होते, आणि ती लेकीच्या उत्तराची वाट बघत होती.

"पहिलंच आहे," प्रेमिला म्हणाली. "माह्यासमोर टाकलं."

आणि तिघांनी सोडलेला श्वास अंगणात ऐकू आला.

आता तुम्ही हसाल, की शिकलेली बाई आणि असं डोळे उघडे ठेवून फसली. हसा. पण तुमचं पहिलं पाऊल कोणासमोर पडलं, हे तुम्हांला घरच्यांनी सांगितलं असेलच, आणि सगळ्यांनी एकच सांगितलं असेल. एकदा त्यांना वेगवेगळं बसवून विचारून बघा.

नाही विचारणार तुम्ही.